मंगळावर जीवाश्म मिळाला, तर तो जीवाश्मच आहे हे ठरवणार कोण?

अंधेरीकर_अभि
सोमवार, रात्री ९:५२

सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज फिरत होता: 'मंगळावर जीवसृष्टी होती, नासाचं शिक्कामोर्तब'. सोबत लालसर दगडाचा फोटो, त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके. खाली नमस्कारांचा पाऊस, आणि 'आपल्या पुराणांत हे आधीच लिहिलंय' असं एका काकांचं ठरलेलं वाक्य.

मूळ बातमी शोधली. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात 'चेयावा फॉल्स' नावाचा दगड पाहिला, त्याला भोक पाडून नमुना नळीत भरला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर पेपर आला. जीव सापडला असं पेपरात कुठेही म्हटलेलं नाही. 'संभाव्य जैवखूण', बस.

माझा प्रश्न पुढचा आहे. समजा, उद्या तिथे खरंच साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म मिळाला. तो ओळखणार कसा, आणि ठरवणार कोण? १९९६ मध्ये अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळाच्या एका अशनीत जिवाच्या खुणा असल्याचा दावा झाला, त्यावर खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन कॅमेऱ्यांसमोर बोलायला उभे राहिले होते. तो दावा आज जवळपास कुणीच धरत नाही. मला वाटतं की जीवाश्म मिळूनही आपण 'असेल, नसेल' करत बसणार. त्यापेक्षा जिवंत काही आहे का ते तरी शोधा, नाहीतर हा खर्च थांबवा.

जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, तसेही लिहितातच.

वात्रट_वडापाव
सोमवार, रात्री १०:०५

बिबट्याचे ठिपके बघायला मंगळावर कशाला जायचं? आरेत या रात्री. मालकासकट बघायला मिळतील.

चष्मिष्ट
सोमवार, रात्री १०:११

रुमाल टाकून ठेवतोय. कातळवेडी ताई येईपर्यंत उगाच काही बोलत नाही.

कातळवेडी
सोमवार, रात्री ११:३०

आले, आले. कॉलेजात भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, म्हणजे लांब प्रतिसाद लिहायला मोकळी.

अभि, आधी 'जिवंत शोधा' याबद्दल. ते करून झालंय. १९७६ मध्ये व्हायकिंगची दोन यानं उतरली, मातीत पोषक द्रव टाकून काही खातंय का ते पाहिलं. एका प्रयोगाचा निकाल 'हो'सारखा आला, पण मातीत सेंद्रिय पदार्थ मिळेनात. तो प्रयोग करणारे गिल्बर्ट लेव्हिन शेवटपर्यंत म्हणत राहिले की आम्हाला जीव सापडला होता. बहुतेकांनी मान्य केलं नाही. म्हणजे 'जिवंत' शोधूनही 'असेल, नसेल' काही चुकलं नाही.

शिवाय आजचा मंगळाचा पृष्ठभाग जगण्यालायक नाही. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी, ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नाही, वरून किरणोत्साराचा मारा. पण साडेतीनशे-चारशे कोटी वर्षांपूर्वी तिथे नद्या होत्या, तळी होती. जेझेरो हे साधारण ४५ किलोमीटर रुंदीचं विवर, त्यात नदी येऊन मिळायची, तिने गाळाचा त्रिभुज प्रदेश केला. तो आजही कक्षेतून स्पष्ट दिसतो. रोव्हर तिथे उतरवला तो त्यासाठीच.

आणि मंगळाची एक गोष्ट पृथ्वीपेक्षा बरी आहे. तिथे आपल्यासारखी भूपट्टांची सरकासरकी नाही. पृथ्वीवर एवढा जुना गाळ जेमतेम दोन-चार जागी उरलाय, ऑस्ट्रेलियातलं पिलबारा, दक्षिण आफ्रिकेतलं बार्बर्टन, ग्रीनलंड, आणि तोही बहुतेक भाजलेला, दुमडलेला. मंगळाचा निम्मा-अर्धा पृष्ठभाग त्या वयाचा आहे आणि बराचसा न भाजलेला. जीव सुरू कसा झाला याचे कागद आपल्याकडे फाटलेत, तिथे कदाचित शाबूत असतील. खर्च त्यासाठी.

लोकलप्रवासी
मंगळवार, सकाळी ८:४०

ताई, म्हणजे डायनोसॉरबियनोसॉर नाही? मुलाला काय सांगू? (कुर्ल्याला गाडी थांबलीय, सविस्तर उत्तर चालेल.)

कातळवेडी
मंगळवार, सकाळी ९:१५

नाही हो. पृथ्वीवरसुद्धा पहिली शेकडो कोटी वर्षं नुसते सूक्ष्मजीव होते. डोळ्यांना सहज दिसतील असे प्राणी आले ते साठेक कोटी वर्षांपूर्वी. मंगळ त्याच्या खूप आधीच वाळला. तिथे मिळालं तर काय मिळेल? सूक्ष्मजीवांच्या थरांनी धरून ठेवलेला गाळ, स्ट्रोमॅटोलाइटसारख्या लाटालाटांच्या पुटी, किंवा आकार काहीच नाही आणि खडकात फक्त त्यांच्या खाण्यापिण्याची रासायनिक खूण.

मुलाला सांगा, डायनोसॉर नाही, शेवाळाचा आजोबा. शेवाळ म्हटल्याबद्दल जीवशास्त्रवाले मला मारतील.

हिशेबनीस
मंगळवार, सकाळी ११:०२

शेवाळाच्या आजोबासाठी ११०० कोटी डॉलर. नमुने आणायचा खर्च नासाने स्वतःच २०२४ मध्ये एवढा सांगितला होता, आणि आणणार कधी, तर २०४० मध्ये. त्यानंतर तो कार्यक्रम ठप्पच झाला. नळ्या तिकडे, शास्त्रज्ञ इकडे. कुठल्याही कंपनीत असा प्रकल्प आणणाऱ्याला पहिल्याच मीटिंगमध्ये चहा न देता परत पाठवतात.

अभिच्या मताला माझं पूर्ण अनुमोदन.

पवई_हॉस्टेल
मंगळवार, दुपारी १:२०

हिशेबनीस काका, खर्चाचं मान्य. पण त्या दगडात नक्की काय आहे ते इथे कुणी लिहिलंच नाही, म्हणून लिहितो. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वेगळा, पण पेपर वाचलाय.

दगड म्हणजे जुन्या नदीपात्रातला बारीक चिखल, घट्ट झालेला. त्यात सेंद्रिय कार्बनचे संकेत मिळाले. त्यावर मिलिमीटरभराचे फिकट ठिपके, भोवती काळसर कडा. शिवाय बारीक गडद ठिपके, ज्यांना टीमने खसखस म्हटलंय. कडांमध्ये लोह आणि फॉस्फेटचं खनिज, व्हिव्हियनाइट, आणि आत लोह-गंधकाचं ग्रेगाइट. आपल्याकडे ही जोडी कुठे दिसते? दलदलीत, तळ्याच्या तळाशी, जिथे जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात आणि श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी लोह आणि सल्फेट वापरतात.

बंद घराबाहेर केळ्याची साल दिसली तर आत कुणीतरी खाल्लंय असं वाटतं ना, तसं. फक्त साल वाऱ्याने उडूनही येते. म्हणून पेपरचा अर्धा भाग 'जिवाशिवाय हे कसं झालं असेल' यावरच आहे. सल्फेटचं सल्फाइड जिवाणूंशिवाय व्हायला साधारणपणे शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापमान लागतं, आणि हा चिखल तसा तापल्याच्या खुणा नाहीत. लोहाचं मात्र थंडीतही सेंद्रिय पदार्थांबरोबर आपोआप होऊ शकतं. त्यामुळे दार उघडंच आहे.

वात्रट_वडापाव
मंगळवार, दुपारी १:३१

लोह श्वासात घेणारे जिवाणू. म्हणजे चर्चगेट लोकलचे पासधारक.

गिरगावचे_नाना
मंगळवार, दुपारी ४:४५

वडापाव, तुझं चालू दे.

मला एका माणसाची आठवण झाली. नारळीकर सर. मंगळावरून किंवा आणखी कुठून तरी जीव पृथ्वीवर आला असेल का, हा प्रश्न त्यांनी भाषणात मांडला आणि तिथे न थांबता फुग्याने तपासायला घेतला. हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा केली. २००५ च्या उड्डाणातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या. एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. अतिनील किरण त्या आपल्या जमिनीवरच्या भावंडांपेक्षा जास्त सोसतात असं निघालं. तरी निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं की या परग्रहावरच्या आहेत असं यावरून सिद्ध होत नाही.

स्वतःला जे खरं वाटतं त्याच्याबद्दल एवढं सांभाळून लिहिणं सोपं नसतं. गेल्या पिढीत मराठीत विज्ञान वाचलेल्या प्रत्येकाच्या घरी त्यांचं एखादं पुस्तक असणार. मे २०२५ मध्ये गेले.

कातळवेडी
मंगळवार, संध्याकाळी ५:१०

नाना, _/\_

डोंबिवली_फास्ट_नाही
मंगळवार, संध्याकाळी ६:०३

अवांतर: मंगळाचे दगड आपल्याकडे आधीच आलेत की! बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ ला अशनी पडला होता. तो मंगळाचा आहे हे शंभरेक वर्षांनी कळलं. आता जगभर त्या जातीच्या अशनींना शेरगोटाइट म्हणतात. एवढे पैसे खर्चून तिकडून आणण्यापेक्षा बिहारात खणा.

कातळवेडी
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

खणून काय मिळेल? शेरगोटाइट म्हणजे गोठलेला लाव्हा. लाव्ह्यात जीवाश्म कुठला? पाहिजे तो चिखल, आणि आदळून उडताना चिखल टिकत नाही, कठीण दगडच इथवर पोचतो.

अंधेरीकर_अभि
मंगळवार, रात्री ९:२०

ताई, लाव्ह्यात जीवाश्म नाही म्हणताय, मग १९९६ चा अशनी? तोही अग्निजन्यच होता ना? आणि आपली मुंबई तर सगळी लाव्ह्याचीच. माझ्या घराच्या गच्चीवरून गिल्बर्ट हिल दिसतो.

कातळवेडी
मंगळवार, रात्री १०:५५

दोन्ही प्रश्न चांगले.

१९९६ चा अशनी, एएलएच ८४००१. डिसेंबर १९८४ मध्ये अंटार्क्टिकात मिळाला, वजन दोन किलोच्या आसपास, वय सुमारे ४०९ कोटी वर्षं. खडक अग्निजन्यच, पण त्याच्या भेगांत पाण्यातून साचलेले कार्बोनेटचे कण होते. डेव्हिड मॅके यांच्या चमूला त्या कणांमध्ये अळीसारखे आकार, चुंबकी खनिजाचे स्फटिक आणि सेंद्रिय रेणू दिसले. एकेकाचं जिवाशिवायचं स्पष्टीकरण निघत गेलं. ते आकार तर इतके लहान होते की त्यात जिवंत पेशीचा संसार मावेना. २०२२ मध्ये सेंद्रिय पदार्थांचंही निघालं: पाणी आणि खडक यांच्या अभिक्रियेतून बनलेले.

आता मुंबई. गिल्बर्ट हिलच्या बेसॉल्टच्या खांबांत काही नाही, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तो. पण लाव्ह्याचे लोट एकामागून एक येत नव्हते, मध्ये मोठी विश्रांती असायची. त्या काळात तळी, दलदली व्हायच्या, गाळ साचायचा, आणि वर पुन्हा लाव्हा. वरळीच्या टेकडीत असा गाळाचा थर होता. त्यात बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. तेच ओवेन ज्यांनी डायनोसॉर हे नाव दिलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. कासवंही मिळाली, वरळीला आणि पुढे जोगेश्वरीजवळच्या अंबोलीच्या खाणीत.

तर डायनोसॉर संपले त्या सुमारास वरळीला बेडूक ओरडत होते. आज त्या टेकडीवर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. चौरस फुटाचा भाव विचारू नका.

आणि गंमत अशी की जेझेरोचा तळही बहुतेकांना गाळाचा वाटत होता, रोव्हर उतरल्यावर तो अग्निजन्य निघाला. गाळ त्याच्या वर, त्रिभुज प्रदेशात. लाव्हा आणि तळं शेजारी-शेजारी. म्हणून माझं म्हणणं, मुंबईकराला मंगळ समजायला फार जड जाऊ नये.

लोकलप्रवासी
मंगळवार, रात्री ११:०८

वरळीचे बेडूक! मुलगा उठून बसलाय. तारांगण बघायला जाऊ तेव्हा शेजारची टेकडी दाखवतो. धन्यवाद ताई.

परळची_पॅथ
बुधवार, सकाळी ७:५०

इथे सगळे आकारावर उखडलेत म्हणून थोडा विरोध. मी पॅथॉलॉजिस्ट. सबंध दिवस सूक्ष्मदर्शकातून आकार बघते आणि त्यावरून माणसांना कॅन्सर आहे की नाही ते सांगते. रसायन, जनुकं, सगळं नंतर येतं. आधी डोळा. पेशी विभागताना दिसली, तिची भिंत दिसली, एकाच मापाच्या शेकडो पेशी रांगेत दिसल्या, तर कुठलं खनिज हे करेल? आकाराला एवढं कमी लेखू नका.

कातळवेडी
बुधवार, सकाळी ९:३०

परळताई, हाच युक्तिवाद जीवाश्मतज्ज्ञ विल्यम शॉफ यांनी केला होता. १९९३ मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एपेक्स चर्ट या गारगोटीसारख्या खडकातून सूक्ष्मजीवांचे धागे दाखवले, वय सुमारे ३४६ कोटी वर्षं. पेशींच्या रांगा, प्रजातींना नावंही दिली. पृथ्वीवरचे सर्वात जुने जीवाश्म म्हणून पाठ्यपुस्तकांत गेले. १९९६ मध्ये नासाने मंगळाच्या अशनीची पत्रकार परिषद घेतली तेव्हा शंका घेणारा तज्ज्ञ म्हणून मुद्दाम कुणाला बोलावलं? याच शॉफना. आणि २००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर यांनी त्याच स्लाइड पुन्हा पाहून सांगितलं की हे जीव नाहीत, गरम पाण्याच्या झऱ्याच्या वाटेवर खनिजांभोवती साचलेला कार्बन आहे. फोटोत फांद्या फुटलेले भाग कापले गेले होते, असंही त्यांचं म्हणणं. तो वाद वर्षानुवर्षं चालला.

तुमच्या स्लाइडवर ऊती माणसाची आहे हे आधीच ठाऊक असतं. निरोगी कशी दिसते ते ठाऊक असतं. मंगळावर निरोगी काय आणि रोगी काय, मुळात ऊती आहे का, हाच प्रश्न.

परळची_पॅथ
बुधवार, सकाळी १०:०५

हे मान्य, संदर्भाची स्लाइड नाही. पण मग तुमच्या रसायनालाही संदर्भ पृथ्वीचाच आहे. व्हिव्हियनाइट-ग्रेगाइट जिवाणू बनवतात हे इथल्या दलदलीवरूनच ना? मंगळाच्या रसायनाची 'निरोगी स्लाइड' कुठाय?

पवई_हॉस्टेल
बुधवार, सकाळी १०:२२

टाळ्या. हा प्रश्न माझ्या गाइडला विचारणार आहे. मी विचारला असं सांगून.

भोपाळी_मुलुंडकर
बुधवार, दुपारी १२:४०

पॅथताई, आकारावर विसंबण्याचा एक ताजा किस्सा आमच्या भागातला. भीमबेटकाच्या गुहेत छताजवळ २०२१ मध्ये 'डिकिन्सोनिया'चा जीवाश्म सापडल्याचं जाहीर झालं. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, भारतातला पहिला! पेपर, बातम्या, आम्हा भोपाळवाल्यांची छाती फुगलेली. दोनेक वर्षांत दुसरे भूशास्त्रज्ञ तिथे जाऊन बघतात तर काय, ते पोळं होतं. आग्या मोहोळाचं. सुकून दगडाला चिकटलेलं, आणि तोवर गळायलाही लागलेलं. मूळ पेपर लिहिणाऱ्या ग्रेगरी रिटॅलक यांनी ते मान्यही केलं.

माणूस प्रत्यक्ष उभा राहून, डोळ्यांनी बघून, पृथ्वीवर. आता रोव्हरचा कॅमेरा.

वात्रट_वडापाव
बुधवार, दुपारी १२:४४

मंगळावर आग्या मोहोळ सापडलं तर मी तेवढ्यावरही खूश आहे.

हिशेबनीस
बुधवार, दुपारी १२:५९

आयुष्यात पहिल्यांदा वडापावशी सहमत.

विलेपार्ले_वेस्ट
बुधवार, दुपारी ३:१५

विषय निघालाच आहे तर: कुलाब्याच्या फुटपाथवरून मी एक चकतीसारखा दगड घेतला होता, आत फर्नच्या पानाची अगदी नाजूक नक्षी. विकणारा म्हणाला करोडो साल पुराना पत्ता. फोटो टाकलाय. कातळवेडी ताई, किती जुना असेल? पाचशेला दिला त्याने.

कातळवेडी
बुधवार, दुपारी ४:०२

काकू, पान नाही ते. मँगनीजच्या ऑक्साइडचं पाणी दगडाच्या भेगेत झिरपलं की अशाच फांद्या फुटतात. डेंड्राइट म्हणतात. देठ बघा, एकाही फांदीला मधली शीर नाही. दगड सुंदर आहे, ठेवा.

आणि पॅथताई, हे बघा, नुसता आकार!

विलेपार्ले_वेस्ट
बुधवार, दुपारी ४:१०

शोकेसमध्ये होता, आता पेपरवेट. त्या माणसाकडे मात्र पुन्हा जाणार आहे मी.

परळची_पॅथ
बुधवार, दुपारी ४:३०

काकू, माझा बळी दिलात. :)

पण ताईंनी ओळखला कसा? मधली शीर नाही म्हणून. म्हणजे आकारानेच!

चष्मिष्ट
बुधवार, दुपारी ४:३३

पॉपकॉर्न संपले.

अंधेरीकर_अभि
बुधवार, रात्री ९:४०

धागा भरकटला तरी मजा येतेय. पण मूळ प्रश्नाकडे येतो. आकारावर भरवसा नाही, रसायनाला मंगळाचा संदर्भ नाही, तज्ज्ञ एकमेकांचे जीवाश्म खोडतात. मग माझंच म्हणणं खरं ठरलं की! ताई, मला एकच सांगा. तुमच्यासमोर नेमकं काय आलं तर तुम्ही 'हो, जीव होता' म्हणाल?

कातळवेडी
गुरुवार, पहाटे ५:५०

रात्री यावरच विचार करत होते, झोप गेली.

एकट्या कशानेच म्हणणार नाही. एकाच ठिकाणी, एकाच थरात, तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या खुणा एकमेकींना धरून असतील तर म्हणेन.

पहिली वाट गाळाची. तिथे पाणी होतं का, थर कसा साचला, नंतर किती तापला. हे रोव्हर करू शकतो आणि केलंय.

दुसरी समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची, आणि माझ्या लेखी सगळ्यात वजनदार. सजीव आळशी असतात, जड कार्बन १३ पेक्षा हलका कार्बन १२ उचलणं त्यांना सोपं जातं. म्हणून सजीवांपासून आलेला कार्बन आजूबाजूच्या कार्बोनेटपेक्षा हलका निघतो. सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंच्या गंधकाचंही तसंच. गेल विवरात नासाच्या दुसऱ्या रोव्हरला, क्युरिऑसिटीला, असा हलका कार्बन मिळालाय, २०२२ मध्ये जाहीर झालं. पण त्याची तीन स्पष्टीकरणं दिली गेली: जिवाणूंचा मिथेन, अतिनील किरणांनी कार्बन डायऑक्साइडवर घडवलेली अभिक्रिया, किंवा सूर्यमालाच एका धूलिमेघातून जाणं. एकाच नमुन्यात ठिपक्याच्या आत, कडेला आणि बाहेर असं कणाकणाने मोजलं तर यातलं बरंच गळेल. ते यंत्र रोव्हरवर मावत नाही, खोलीएवढं असतं.

तिसरी रेणूंची. मार्च २०२५ मध्ये क्युरिऑसिटीच्या टीमने दहा, अकरा आणि बारा कार्बनच्या साखळ्या जाहीर केल्या, २०१३ मध्ये खणलेल्या तळ्यातल्या चिखलातून. मेदाम्लांचे तुकडे असतील कदाचित. आता जिवांचं मेद असेल तर साखळ्यांच्या लांबीत एक आवड दिसते, ठराविक लांब्या जास्त. आपोआप बनलेल्यांत लांबी वाढत जाते तसं प्रमाण सरळ घसरत जातं. आवड दिसली तर मी खुर्चीत ताठ बसेन.

आणि चौथा, हो पॅथताई, आकार. पण शेवटी, आणि वरच्या तिन्हींच्या जागीच मिळालेला.

'मंगळाची निरोगी स्लाइड कुठाय' याचं उत्तरही नळ्यांतच आहे. रोव्हरने नुसता ठिपक्यांचाच दगड नाही घेतला. लाव्ह्याचे, नदीच्या गाळाचे, मातीचे, हवेचेही नमुने आहेत. एकेक खडूएवढा. जिवाशिवायचा मंगळ कसा असतो ते त्यांच्यावरून कळेल, मग त्याच्या शेजारी ठिपके ठेवून बघायचे.

अंधेरीकर_अभि
गुरुवार, सकाळी ८:१५

हे उत्तर पाहिजे होतं. खर्चाचं मला अजून पटलेलं नाही, पण 'कधीच ठरणार नाही' हे मागे घेतो. 'रोव्हरवरून ठरणार नाही' असं करा.

पवई_हॉस्टेल
गुरुवार, सकाळी ९:००

भर घालतो. पृथ्वीवरसुद्धा अशीच छाननी चालू आहे. २०१६ मध्ये ग्रीनलंडच्या इसुआमधून ३७० कोटी वर्षांचे स्ट्रोमॅटोलाइट जाहीर झाले. २०१८ मध्ये ॲबिगेल ऑलवुड आणि सहकाऱ्यांनी दगड तिसऱ्या बाजूने कापून पाहिला आणि म्हणाल्या, हा खडक ताणला-दाबला गेल्याने झालेला आकार. या ऑलवुडबाईंनीच आधी पिलबारातले ३४३ कोटी वर्षांचे स्ट्रोमॅटोलाइट जिवांनीच बनवले हे पटवून दिलं होतं. आणि पर्सिव्हिअरन्सच्या हातावरचं एक्स-रे उपकरण, ज्याने त्या ठिपक्यांतलं लोह, फॉस्फरस, गंधक दाखवलं, त्याच्या प्रमुखही त्याच. म्हणजे दुसऱ्याचा जीवाश्म खोडणारी बाईच तिकडे बसवलीय.

गिरगावचे_नाना
गुरुवार, सकाळी ११:२५

आणलेल्या नमुन्यांतून काही रोग आला तर? २०२० ची आठवण ताजी आहे म्हणून विचारतो.

परळची_पॅथ
गुरुवार, दुपारी १:१०

नाना, शक्यता अगदीच कमी, पण गृहीत धरूनच चालतात. नमुने आले तर अत्यंत धोकादायक विषाणूंच्या प्रयोगशाळेइतक्या कडक बंदोबस्तात उघडायचे असं ठरलेलं आहे. उलटी भीती मोठी. आपलेच जंतू नळीत शिरले तर आपणच आपल्याला मंगळावर शोधून काढू. म्हणून रोव्हरबरोबर कोऱ्या साक्षीदार नळ्याही पाठवल्यात. त्यात दगड भरत नाहीत, इथून काय चिकटून गेलं तेवढंच त्या सांगतात.

हिशेबनीस
गुरुवार, दुपारी २:४०

आणणार कोण पण? नासाचं तर बासनात आहे.

पवई_हॉस्टेल
गुरुवार, दुपारी ३:०५

चीन. त्यांचं तियानवेन-३ २०२८ च्या सुमारास निघायचं आहे आणि २०३१ च्या आसपास नमुने आणायचा बेत आहे. दोन मीटर खोल खणणार, म्हणजे किरणोत्साराने न भाजलेला माल. पण ते जेझेरोत जाणार नाहीत. ठिपक्यांचा दगड तिथेच राहील. युरोपचा रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरही २०२८ ला जायचा आहे, दोन मीटर तोही खणणार, पण परत आणणार नाही.

हिशेबनीस
गुरुवार, दुपारी ३:२०

आणि चीनने आणले तर बाकीच्यांना दाखवणार आहे का? दुसऱ्याने तपासल्याशिवाय काही खरं नाही, हे तर तीन दिवस इथे वाचतोय.

पवई_हॉस्टेल
गुरुवार, दुपारी ४:००

चंद्राचे दाखवले. त्यांच्या चांग-ई ५ यानाने आणलेली माती २०२५ मध्ये बाहेरच्या सहा देशांतल्या संस्थांना द्यायचं ठरलं, त्यात अमेरिकेतली दोन विद्यापीठं. एक ब्राउन आणि दुसरं स्टोनी ब्रुक. चेयावा फॉल्सच्या पेपरचे पहिले लेखक जोएल ह्युरोविट्झ त्याच स्टोनी ब्रुकचे.

हिशेबनीस
गुरुवार, दुपारी ४:०६

हं. मग अमेरिकेने त्यांना फक्त कुरियरचे पैसे द्यावेत.